माजघरातल्या उजेडाचा कॅमेरा

शहापूरच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, शाळांची ओळखपत्रं, लग्नाच्या ऑर्डरी आणि फ्रेमा, एवढ्यावर आमचं घर उभं राहिलं. पण ज्या कामाचा रुपयाही कधी मिळाला नाही आणि जे मी गल्ल्यावर बसून सतत करत आलो, ते म्हणजे लोकांना त्यांचा पहिला कॅमेरा निवडून देणं. झेडपीच्या शाळांतले मास्तर, किन्हवलीकडचे ग्रामसेवक, मुरबाड एमआयडीसीतले सुपरवायझर, आसनगावहून रोज कसारा लोकलने मुंबई गाठणारे नोकरदार. पासपोर्ट फोटोचे पैसे देता देता विषय निघायचाच. "दादा, घरच्यासाठी डीएसएलआर घ्यायचाय. कुठला घेऊ?"

धंद्यातल्या मित्रांना हे पसंत नव्हतं. घरोघरी कॅमेरे गेले तर बारसं, वाढदिवस, सत्यनारायण यांच्या ऑर्डरी कोण देणार, हा त्यांचा सवाल. सवाल खरा होता. बारशाच्या ऑर्डरी आटल्याच. पण त्या तशाही आटणार होत्या, मी तोंड बंद ठेवून काही अडलं नसतं. उलट सल्ला घेऊन गेलेला माणूस प्रिंट काढायला माझ्याकडेच यायचा, कधी दोन फ्रेमाही घेऊन जायचा. गल्ल्याचा हिशेब जमत गेला.

रोलच्या जमान्यात हा प्रश्न कुणी विचारत नसे. ज्याच्या घरी कॅमेरा असे त्याच्याकडे याशिकाचा एमएफ-२ असे, नाहीतर थोरल्या काकांचा जुना अग्फा क्लिक. ३६ फोटोंचा रोल नीट चढवला तर ३७-३८ निघायचे, आणि ते जास्तीचे दोन निघाले की माणूस खूश. एकच रोल गौरी-गणपतीला चढायचा आणि होळीला उतरायचा. मी असे रोल कल्याणच्या लॅबला धुवायला पाठवायचो आणि परत आलेल्या पाकिटात एका घराचं अर्धं वर्ष असायचं: गौरी, भाऊबीज, एक साखरपुडा, नवी मोटरसायकल, आणि शेवटचे तीन-चार फोटो रोल संपवण्यासाठी काढलेले, अंगणातल्या कोंबड्यांचे वगैरे. बटण दाबायच्या आधी माणूस दहादा विचार करायचा, कारण प्रत्येक दाबण्याला पैसे पडायचे.

कॅननने २००३ मध्ये ३००डी आणला. हजार डॉलरच्या आतला तो पहिला डीएसएलआर. पाठोपाठ निकॉनचे डी७० आणि डी४० आले. आमच्या तालुक्यात मात्र हे वारं शिरलं ते २०१० नंतर, कॅननचा ११००डी आणि निकॉनचा डी३१०० बाजारात आल्यावर. त्याच सुमाराला हातोहाती फेसबुक पोहोचलं. माहुलीच्या पायथ्याला उभं राहून, मागचे सुळके धूसर करून काढलेला फोटो प्रोफाइलला लावायचा, ही पोरांची पहिली मागणी. "दादा, मागचं ब्लर करणारा कॅमेरा." दुसरी एक गोष्ट घडायची ती दर मे महिन्यात. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं आमच्या शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही आमच्याच तालुक्यात. त्याचे फोटो काढायला मुंबईहून वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर येतात, हातभर लांब लेन्स घेऊन. आमची पोरं हंडे बघून बघून सरावलेली, त्यांची नजर लेन्सवर. त्यातून एक समजूत घट्ट झाली की लेन्स जितकी लांब तितका कॅमेरा भारी.

त्यामुळे माझ्याकडे येणारा माणूस तीन आकडे तोंडपाठ करून यायचा: मेगापिक्सेल किती, झूम किती, किंमत किती. मी त्याला वेगळंच विचारायचो. घरात फोटो कोण काढणार? आणि संध्याकाळी सात वाजता तुमच्या घरात उजेड कसला असतो? लोक जरा चमकायचे. काहींना वाटायचं, याला मॉडेलची माहिती नाही म्हणून टाळतोय.

मेगापिक्सेलचं उत्तर सोपं होतं. डी४० सहा मेगापिक्सेलचा होता आणि त्याच्या फाइलवरून मी आठ बाय बाराचे प्रिंट बिनतक्रार काढून दिलेत. घरच्या अल्बमला यापेक्षा मोठं काय लागतं? पुढे निकॉनचा डी३२०० चोवीस मेगापिक्सेल घेऊन २०१२ मध्ये आला, तेव्हा फाइली मोठ्या झाल्या, लोकांचे कॉम्प्युटर हळू झाले आणि फोटो बघायचा कंटाळा वाढला. उजेडाचा प्रश्न मात्र सोपा नव्हता आणि तो कुठल्याही जाहिरातीत नसायचा.

एक शिक्षक जोडपं होतं. दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुलगी दीड-दोन वर्षांची. त्यांच्याकडे खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा होता. त्यांची तक्रार अगदी नेमकी: बटण दाबतो तेव्हा पोरगी हसत असते आणि फोटोत तिची पाठ येते. छोट्या कॅमेऱ्यात बटण दाबणं आणि फोटो निघणं यात जो वेळ जायचा, त्यात मूल खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायचं. डीएसएलआर घेण्याचं यापेक्षा चांगलं कारण मी आजवर ऐकलेलं नाही. त्यांनी किट लेन्ससह कॅमेरा घेतला, १८-५५ची. सकाळी अंगणात फोटो झकास येऊ लागले. पंधरा दिवसांनी गुरुजी परत आले. म्हणाले, रात्री सगळं हललेलं येतं, कॅमेरा बदलून मिळेल का?

मी त्यांच्या घरी गेलो. पावसाळ्याची संध्याकाळ, कौलारू घर, माजघरात एक ट्यूबलाइट आणि तीही जुनी. मुलगी देव्हाऱ्यापासून ओटीपर्यंत धावत होती. कॅमेरा आयएसओ १६०० वर ठेवला, किट लेन्स पुढे ओढून ५५ वर नेली. तिथे तिचं तोंड एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. शटर आलं सेकंदाचा पंधरावा हिस्सा. तेवढ्या वेळात धावत्या पोरीचा फक्त पट्टा उमटणार. बाईंनी फ्लॅश उघडला तर भिंतीवर काळी सावली आणि मुलीचे डोळे मिटलेले. कॅमेऱ्यात काहीच बिघाड नव्हता. मी माझ्या बॅगेतली ५० एमएमची एफ/१.८ लेन्स लावून दिली. लेन्सचं तोंड म्हणजे घराची खिडकी धरा, एफ/५.६ हा झरोका असेल तर एफ/१.८ ही दारभर खिडकी, नऊ-दहापट उजेड आत घेणारी. शटर थेट दीडशेच्या घरात गेलं. मुलगी उंबरठ्यावरून उडी मारत होती आणि फोटोत तिचे दोन्ही पाय हवेत होते. बाई मागच्या स्क्रीनकडे बघत राहिल्या.

पण हेही सांगितलं पाहिजे की फिफ्टी घरासाठी फार सोयीची नाही. या स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे पन्नासची लेन्स जवळजवळ ऐंशीसारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं फ्रेममध्ये घ्यायची तर फोटो काढणाऱ्याची पाठ भिंतीला टेकते, आणि भिंत मागे सरकत नाही. निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ ही २००९ मध्ये आलेली लेन्स आमच्या घरांना जास्त बरी. कॅननवाल्यांना २०१४ नंतर २४ एमएमची पातळ चपटी लेन्स मिळू लागली. तिचं तोंड एफ/२.८ एवढंच, पण पंगतीत वाढताना, पाळण्याभोवती, देव्हाऱ्यासमोर तीच बसते. ज्यांनी माझं ऐकलं त्यांना मी असंच सांगितलं: सगळ्यात स्वस्त बॉडी घ्या, आणि वाचलेल्या पैशात मोठ्या तोंडाची एक छोटी लेन्स.

ऐकणारे थोडे होते. कारण दुकानात कॉम्बो असायचा. एक बॉडी, १८-५५, सोबत ५५-२५० किंवा ७०-३०० ची लांब लेन्स, एक बॅग, एक मेमरी कार्ड, दिवाळीत वर ट्रायपॉड. आमच्या भागात डीएसएलआर गेले ते बहुतेक कॉम्बोतच. किंमत २५ ते ४० हजारांच्या मध्ये कुठेतरी, हप्ता बसवलेला. घरी आल्यावर लांब लेन्स एकदा लावून समोरच्या डोंगराचा फोटो निघायचा, मग ती बॅगेच्या तळाशी. मी या लांब लेन्सची बरीच टिंगल केली आहे, धंद्यातल्या माणसाचा गर्व दुसरं काय. ती थांबली एका मुरबाडच्या गृहस्थांमुळे. एमआयडीसीत कामाला, पण घरी शेती आणि बैलांचा भारी शौक. ते पौष पौर्णिमेला म्हसाच्या यात्रेत कॅमेरा घेऊन गेले. म्हसाला गुरांचा मोठा बाजार भरतो, तिथे बैलाच्या तोंडाजवळ कॅमेरा नेऊन कुणी फोटो काढू देत नाही आणि काढू नयेही. त्यांनी दहा-पंधरा पावलांवरून, त्याच लांब लेन्सने, बैलांचे नुसते चेहरे टिपले होते. नाकातली वेसण, डोळ्याची पापणी, रंगवलेल्या शिंगाचं टोक. उन्हात त्या लेन्सला उजेडाची ददात नव्हती. त्यांनी वीसेक फोटो मोठे करून घेतले आणि घरी ओटीवर लावले. बायको-पोरांचे फोटो त्या रांगेत दोनच होते, यावर त्यांच्या घरी काय बोलणं झालं ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही.

घरात फोटो कोण काढणार, हा माझा उरलेला प्रश्न. तो मी लग्नाच्या ऑर्डरींवरून शिकलो. लग्नघरी गेलं की मी आधी जुने अल्बम मागतो, घरातली माणसं ओळखू यावीत म्हणून. त्यात एक व्यक्ती जवळपास कुठेच नसते, ती म्हणजे कॅमेऱ्यामागची. बहुधा बाप. डीएसएलआर आल्यावर हे आणखी पक्कं झालं, कारण वस्तू महाग. कॅमेरा लोखंडी कपाटात, चावी त्याच्याकडे, आणि "हात लावू नका, पडेल" हे घरातल्यांना शंभरदा सांगितलेलं. धसईकडच्या एका घरात मात्र सून पुढे झाली. तिचा हात लहान, म्हणून तिने दुकानात चार कॅमेरे उचलून पाहिले आणि जो बोटांत नीट बसला तो घेतला. निकॉनच्या डी३००० पासूनच्या स्वस्त मालिकेत 'गाइड' नावाचा मोड असतो, तो पडद्यावर विचारतो की काय काढायचंय, झोपलेलं मूल की धावणारं, आणि त्याप्रमाणे सेटिंग लावतो. तिने महिनाभर तोच वापरला आणि मग तो सोडून दिला. आवणीच्या दिवसांत ती भातखाचराच्या बांधावरून फोटो काढायची. चिखलात वाकलेल्या जावा-नणंदा, इरली पांघरलेली सासू. सासऱ्यांना आधी हे पटलं नव्हतं. आवणी सोडून कसला फोटो? पण त्या घराच्या अल्बममध्ये बायका काम करताना दिसतात. इतर अल्बममध्ये त्या फक्त नटून उभ्या असतात.

वजनाचा मुद्दा पुरुष हसण्यावारी नेतात. खांद्याला मूल आणि एका हातात पिशवी असलेल्या बाईला विचारा. निकॉनचा डी३५०० बॅटरीसह सव्वाचारशे ग्रॅमच्या आत होता. २०१८ चा तो कॅमेरा घरच्या वापरासाठी माझ्या मते या सगळ्या मालिकेतला सर्वांत शहाणा. कॅननमध्ये २०१७ चा २००डी त्याच जातीचा, वर त्याचा पडदा उलटा फिरायचा, त्यामुळे फोटो काढणाऱ्यालाही कधीमधी फोटोत येता यायचं. त्याउलट काही मॉडेलं किंमत उतरवण्यासाठी फार तासलेली असत. कॅननच्या ३०००डी मध्ये लेन्स बसते ती कडीच प्लॅस्टिकची. घरच्या वापराला ती चालते, तुटून पडत नाही, पण थोडे पैसे वाढवून वरचा १५००डी घेणं बरं, असं मी सांगत असे.

सर्वांत जास्त हसू आणणारा प्रसंग एका निवृत्त गृहस्थांचा. टोकावड्याच्या पुढचे, माळशेजच्या रस्त्याला त्यांचं घर. मुलाने वाढदिवसाला कॅमेरा भेट दिलेला. ते एसटीने मुरबाड, तिथून शहापूर असे दोन गाड्या बदलून आले आणि कॅमेरा काउंटरवर आदळला. "यातून सगळं धुरकट दिसतं. फोटो बरे येतात, पण दिसत काही नाही." एका दुकानदाराने त्यांना लेन्स बदलायला सांगितली होती, किंमतही सांगून टाकली होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला, मलाही धुरकट. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या अंगाला मुगाच्या दाण्याएवढं एक चाक असतं. चष्म्याच्या नंबराप्रमाणे ते फिरवायचं असतं. त्यांच्या नातवाने खेळताना ते पार टोकाला नेलं होतं. मी कॅमेरा त्यांच्या डोळ्याला लावून ठेवला आणि चाक नखाने एकेक दाता फिरवत गेलो. चौथ्या-पाचव्या दात्याला ते ओरडले, "थांब, थांब! आलं!" आणि समोरच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचायला लागले. पाटीवरचा फोन नंबरसुद्धा. नंतर हे चाक मी प्रत्येक नव्या कॅमेरावाल्याला आधी दाखवू लागलो, आणि चष्मा लावणाऱ्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नसतं असं आढळलं.

जुन्या लेन्सचा घोळही असाच. एक तरुण फोर्टातून स्वस्तात जुनी ऑटोफोकस फिफ्टी घेऊन आला, ती त्याच्या कॅमेऱ्यावर फोकसच करेना. डी४० आणि नंतरच्या डी३०००च्या मालिकेत बॉडीमध्ये फोकसची मोटर ठेवलेलीच नव्हती. मोटर लेन्समध्येच असली तर ऑटोफोकस चालणार, नाहीतर हाताने फिरवा. विकणाऱ्याला हे माहीत असावं. त्याने सांगितलं नाही. तो तरुण पुढे हाताने फोकस करायला शिकला आणि त्याच लेन्सने त्याने आजीचे फार सुंदर फोटो काढले, कारण आजी हलत नव्हती.

आता पावसाबद्दल. कोकणाच्या या पट्ट्यात कॅमेरा घेणाऱ्याने मॉडेलच्या आधी पावसाळ्याचा विचार करायला हवा, असं माझं ठाम मत. नाणेघाटात, माहुलीच्या धबधब्यात भिजून गेलेले कॅमेरे दरवर्षी येतात, पण त्यांची संख्या थोडी. जास्त कॅमेरे घरात, कपाटात, न भिजता खराब होतात. गणपतीला बाहेर काढलेला कॅमेरा मे महिन्यापासून कातडी बॅगेत, वर जुनी ओढणी गुंडाळून, शेजारी डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेला असतो. लेन्सच्या आत पांढरट जाळी धरलेली. फंगस. सुरुवातीला फोटोत कळत नाही, मग समोर दिवा आला की सगळ्या फोटोवर दुधट पडदा येतो. आरतीचे फोटो आधी बिघडतात, कारण तिथे दिवा समोर असतो. साफ करून मिळते, पण काचेवरचं कोटिंग खाल्लं गेलं असेल तर खूण राहते, आणि किट लेन्स साफ करण्याचा खर्च जुन्या किट लेन्सच्या किमतीजवळ जातो.

यावर उपाय शंभर-दोनशे रुपयांचा आहे. पापड ठेवतो तसला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलचे निळे खडे कापडाच्या पुरचुंडीत, आणि वर कॅमेरा, बॅगेशिवाय. खडे ओल पिऊन गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, ते पुन्हा निळे होतात. तवा मात्र जुना घ्यावा, पोळ्यांचा नको. तांदळात कॅमेरा ठेवू नये, पीठ आत जातं. डांबराच्या गोळ्याही नकोत. आणि महिन्यातून दोनदा उघडीप बघून कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढावेत. वापरातला कॅमेरा सहसा बुरसत नाही.

२०२० साली कोरोनामुळे लग्नं बंद झाली. सीझन गेला. शटर अर्धं उघडून मी बसायचो आणि जे एक काम येत राहिलं ते कुणाला नको असतं. गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून देणं. हे काम स्टुडिओला नेहमीच असतं, दहाव्या-तेराव्याला लागतो तो फोटो, पण त्या दोन वर्षांत ते फार आलं. पूर्वी लोक पासपोर्ट फोटो आणायचे किंवा लग्नाच्या ग्रुपमधला एवढासा चेहरा. तोच मोठा करायचा, मागे निळं बॅकग्राउंड, अंगात कोट चढवायचा. गेलेल्या माणसाने जन्मात कोट घातलेला नसायचा. या वेळी निराळं दिसलं. ज्या घरांत पाच-सात वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला होता, ती माणसं कार्ड घेऊन येत होती. आई सुपात तांदूळ पाखडताना. वडील ओटीवर विडी ओढताना, धूर वर चाललेला. एका मुलाने विचारलं, विडी घालवता येईल का? बोट जरासं सरकवून घालवता आली असती. त्याच्या बहिणीने घालवू दिली नाही. ती फ्रेम विडीसकट गेली.

तेव्हापासून घरच्यासाठी कॅमेरा घेणाऱ्याला मी आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती ऐकायला लोकांना आवडत नाही: घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो ती कामात असताना काढा, आणि वर्षाला शंभर फोटो कागदावर आणा. कार्ड दगा देतं, हार्ड डिस्क दगा देते, मोबाइल पाण्यात पडतो. यात माझा धंदा आहे हे उघड आहे. तरी सांगतो.

आता मात्र चित्र पालटलंय आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ज्या माजघरात किट लेन्स हात टेकायची, तिथे आजचा चांगला मोबाइल नाइट मोडवर स्वच्छ फोटो देतो, निदान माणूस स्थिर बसला असेल तर. नवा डीएसएलआर घ्यायचं म्हटलं तर दुकानात मॉडेलं कमी झालीत. डी३५०० चं उत्पादन २०२२ च्या सुमारास थांबलं, कंपन्यांचं लक्ष मिररलेसकडे गेलंय. कॅननचा आर५०, निकॉनचा झेड३० असे हलके कॅमेरे आलेत आणि ते चांगले आहेत, पण लेन्ससह किंमत पाहिली की शेतकरी घराला घाम फुटतो. उलट लग्नाचे फोटोग्राफर मिररलेसवर गेल्यामुळे जुने डीएसएलआर आणि लेन्सा ढिगाने विकायला आल्यात. दहा-बारा हजारांत बॉडी आणि लेन्स हातात पडते. माझ्या मते पहिल्या कॅमेऱ्यासाठी इतका चांगला काळ कधी नव्हता, फक्त माल तपासून घेता आला पाहिजे.

तपासणं अवघड नाही. लेन्स काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारायचा, दुसऱ्या बाजूने तिरपं बघायचं. जाळी असेल तर लख्ख दिसते. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघायचा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी कळते. धूळ निघते, ओरखडा निघत नाही. बॅटरी फुगलेली नको. फ्लॅश उघडून दोनदा पेटवायचा. लग्नाच्या सीझनमध्ये राबलेल्या कॅमेऱ्याचं शटर लाखाच्या पुढे गेलेलं असू शकतं, ते किती चाललंय ते कॉम्प्युटरवर काढता येतं; विकणारा काढू देत नसेल तर चहा पिऊन उठायचं.

गेल्या हिवाळ्यात शिक्षक जोडप्याची ती मुलगी आली. दहावीला आहे आता. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो तीच काढते, त्याच जुन्या कॅमेऱ्याने. फिफ्टी ठणठणीत, पण १८-५५ मध्ये फोकस अडकत होता आणि ग्रुप फोटो घेता येत नव्हते. दुरुस्तीचा खर्च लेन्सपेक्षा जास्त झाला असता. कल्याणच्या एका फोटोग्राफरने सगळं जुनं सामान विकायला काढलं होतं, त्याच्याकडे मी तिला पाठवलं, सोबत तिचे वडील. त्यांनी लगेच पाकीट काढलं होतं म्हणे. पोरीने आधी मोबाइलचा टॉर्च पेटवून लेन्समधून आरपार पाहिलं, कडेला दोन धुळीचे कण दाखवले आणि तीनशे रुपये कमी करून घेतले.